डोक्याला मार लागल्यानंतर न सरणारा थकवा आणि संप्रेरकांची (हार्मोन्सची) शंका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये दुचाकी नसलेले घर शोधावे लागते आणि पावसाळ्यात घसरलेली दुचाकी न पाहिलेला माणूसही. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी गंगापूर रोडवर असाच घसरलो. हेल्मेट होते, रक्त आले नाही, सीटी स्कॅनमध्ये काही निघाले नाही, आणि तरीही पुढचे सात-आठ महिने मी अर्ध्या ताकदीने जगलो. मी व्यवसायाने हिशेबनीस आहे, डॉक्टर नव्हे. त्या काळात मला पडलेले आणि नंतर ओळखीपाळखीच्या लोकांनी मला विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी झालेल्या बोलण्यावर आणि त्यानंतरच्या वाचनावर आधारलेली आहेत. कोणतेही औषध सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय मात्र आपल्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

थकव्याचे नंतर पाहू. ताबडतोब रुग्णालय गाठावे अशी लक्षणे कोणती?

हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, म्हणून तो आधी घेतला आहे. डोकेदुखी तासातासाने वाढत जाणे, पुन्हा पुन्हा उलट्या होणे, झटका (फिट) येणे, जागे करूनही माणूस नीट शुद्धीवर न येणे, बोलणे अडखळणे, एका हातापायातली शक्ती जाणे, डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव येणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ वर दूरध्वनी करावा. घरातील वयस्कर व्यक्ती रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर मार किरकोळ वाटला तरी तपासणी करावी, कारण मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचणारे रक्त कधीकधी दोन-तीन आठवड्यांनंतर त्रास देऊ लागते.

सीटी स्कॅन स्वच्छ आहे, मग इतके दमायला का होते?

कारण सीटी स्कॅन ज्या गोष्टी शोधण्यासाठी काढतात त्या वेगळ्या आहेत. कवटीचे हाड मोडले आहे का, आत रक्तस्राव झाला आहे का, सूज आहे का, एवढे तो उत्तम सांगतो. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला धक्का, हा मुख्यतः कामकाजातला बिघाड असतो. या धक्क्याने मेंदूच्या पेशींतील पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते आणि ही घडी पुन्हा बसवण्यासाठी पेशींना नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते; नेमक्या त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा थोडा कमी झालेला असतो. मागणी वाढलेली आणि पुरवठा आटलेला, असा हा ताळेबंद आहे. तो चित्रात दिसत नाही म्हणून खोटा ठरत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, आता मनातून काढून टाक’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले, की शेवटी मलाच माझ्या थकव्याची लाज वाटू लागली होती.

किती दिवसांत बरे वाटायला हवे?

बहुतेक प्रौढांना दोन ते चार आठवड्यांत लक्षणीय फरक पडतो, मुलांना साधारण चार आठवडे लागतात. काहींची लक्षणे तीन महिन्यांच्या पुढेही रेंगाळतात. ज्यांना आधीपासून अर्धशिशी, चिंता, नैराश्य किंवा झोपेचा त्रास आहे, किंवा ज्यांना पूर्वीही डोक्याला मार लागला आहे, त्यांच्यात असे होण्याची शक्यता अधिक असते.

हा थकवा नेहमीच्या थकव्यापेक्षा वेगळा असतो का?

असतो, आणि फरक नेमक्या शब्दांत सांगता आला तर डॉक्टरांचे काम सोपे होते. दिवसभर उभे राहून पाय दुखतात तो थकवा झोपेने जातो. इथे मात्र सकाळी दहा वाजता आकड्यांचे दोन रकाने जुळवले, की डोक्यात धुके भरल्यासारखे होते, उजेड आणि आवाज सोसत नाही, साधे शब्द आठवत नाहीत. रविवार कारंजावर भाजी घ्यायला गेल्यावर गर्दी, हॉर्न आणि भाव यांचे एकदम ओझे होऊन मी पिशवी तशीच घेऊन परत आल्याचे आठवते. शिवाय त्याची वसुली उशिरा होते: आज जास्त काम केले तर उद्या आणि परवा अंथरुण सुटत नाही.

संप्रेरकांचा आणि डोक्याच्या माराचा संबंध काय?

नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाच्या हाडातल्या छोट्या खोबणीत पीयूषिका नावाची ग्रंथी असते. आकार हरभऱ्याएवढा आणि वजन सुमारे अर्धा ग्रॅम. पण थायरॉइड, मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, बीजांडकोश आणि वृषण यांना कामाचे आदेश हीच देते. वाढीचे संप्रेरक, दूध तयार करवणारे प्रोलॅक्टिन आणि शरीरातले पाणी राखणारे संप्रेरकही येथूनच रक्तात सोडले जाते.

ही ग्रंथी एका बारीक देठाने मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागाला लटकलेली असते आणि तिच्या पुढच्या भागाला मिळणारे बरेचसे रक्त त्या देठावरून उतरणाऱ्या नाजूक वाहिन्यांतूनच येते. डोके जोरात हिसकले गेले की मेंदू हलतो, ग्रंथी मात्र खोबणीत अडकलेली राहते आणि ताण देठावर येतो. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही: मणी टवटवीत दिसत असतो, पण देठ पिचला असेल तर दोन दिवसांत तो सुकू लागतो. डोक्याच्या इजेनंतर पीयूषिका निकामी झाल्याची नोंद जर्मन वैद्यकीय लिखाणात १९१८ सालीच झालेली आहे. म्हणजे ही आजकालची टूम नव्हे.

पण मला तर साधे कन्कशन झाले होते. त्यानेही पीयूषिका बिघडते?

बिघडू शकते, मात्र हे वाक्य पूर्ण वाचावे. धोका इजेच्या तीव्रतेबरोबर वाढतो. जे दिवसेंदिवस बेशुद्ध होते, ज्यांच्या कवटीच्या तळाचे हाड मोडले होते, ज्यांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले होते, त्यांच्यात तो सर्वाधिक असतो. इंटरनेटवर जे मोठमोठे टक्के वाचायला मिळतात ते बहुधा अशा गंभीर रुग्णांवरून आलेले असतात, आणि कोणती चाचणी वापरली व मर्यादा कुठे आखली यावरही ते पुष्कळ बदलतात. सौम्य कन्कशननंतर कायमचा बिघाड होण्याचे प्रमाण याहून बरेच कमी आहे आणि त्याविषयी तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. वारंवार मार खाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. निवृत्त मुष्टियोद्ध्यांमध्ये पीयूषिकेच्या संप्रेरकांची कमतरता आढळलेली आहे.

म्हणून माझे मत असे आहे, की संप्रेरकांचा विचार जरूर करावा, पण तो रांगेत त्याच्या जागी करावा. पहिल्याच आठवड्यात ‘हार्मोन पॅनेल’ मागणारा आणि वर्षभर अंथरुणाला खिळूनही साधी कॉर्टिसोलची (अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकाची) तपासणी न झालेला, हे दोघेही या रांगेत चुकलेले असतात.

रांगेत आधी काय येते?

सर्वांत आधी झोप. धक्क्यानंतर झोपेचे वेळापत्रक विस्कटते आणि अपुऱ्या झोपेने इतर प्रत्येक तक्रार दुप्पट होते. जोरात घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाने झोपेत श्वास अडखळण्याची तपासणी करून घ्यावी. त्यानंतर अर्धशिशीच्या वळणाची डोकेदुखी, मानेचे दुखणे, कानातल्या तोलयंत्रणेचा बिघाड आणि नैराश्य यांचा विचार होतो. नैराश्य म्हटले की आपल्याकडे लोक दुखावतात. तो आजार आहे, आरोप नव्हे.

मग रक्ताच्या साध्या तपासण्या: हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, मूत्रपिंड व यकृताचे कार्य, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता इतकी सर्रास असते, की ती न पाहता पीयूषिकेकडे धावणे म्हणजे पाण्याचा नळ बंद असताना विहीर खणण्यासारखे आहे. डॉक्टरांपुढे चालू असलेल्या सर्व औषधांची यादीही ठेवावी. झटक्यांवरील काही गोळ्या, ॲलर्जीवरील गोळ्या आणि झोपेसाठी दिलेली औषधे स्वतःच सुस्ती आणतात. माझ्या बाबतीत अखेरीस बी-१२ अत्यंत कमी, झोप विस्कटलेली आणि अर्धशिशी अंगावर काढलेली, असा तिहेरी हिशेब निघाला. पीयूषिका निर्दोष सुटली.

पीयूषिकेवर संशय घ्यावा अशी लक्षणे कोणती?

नुसत्या थकव्यावरून काहीच ठरत नाही, कारण तो सगळ्यांतच असतो. थकव्याला जोडून काय आहे ते पाहावे लागते. उभे राहताच भोवळ येणे, भूक मरणे, वजन उतरणे, रक्तदाब कमी राहणे आणि रक्तातले सोडियम घसरणे या गोष्टी कॉर्टिसोलच्या कमतरतेकडे बोट दाखवतात, आणि या सगळ्यांत तिचीच चौकशी सर्वांत तातडीची असते. थंडी सोसेनाशी होणे, बद्धकोष्ठता आणि कोरडी त्वचा थायरॉइडकडे नेतात. निफाडचा पारा उतरतो तेव्हा थंडी सगळ्यांनाच वाजते, पण वैशाखात गोधडी लागत असेल तर सांगायला हवे. पुरुषांत कामेच्छा कमी होणे व दाढी विरळ होणे, स्त्रियांत पाळी थांबणे ही लैंगिक संप्रेरकांची लक्षणे आहेत. स्नायू कमी होऊन पोटाभोवती चरबी वाढणे आणि उभारी न राहणे हे प्रौढांत वाढीच्या संप्रेरकाच्या अभावाने होऊ शकते; पण खुर्चीत बसून काम करणाऱ्या पन्नाशीच्या माणसातही हेच दिसते, त्यामुळे हे लक्षण फार जपून वाचावे. दिवसाला तीन लिटरहून अधिक लघवी आणि रात्री उठून तांब्याच्या तांब्या पाणी पिणे हा मात्र स्वतंत्र इशारा आहे. साखर तपासून ती ठीक असेल तर पाणी राखणाऱ्या संप्रेरकाची चौकशी करावी लागते.

तपासण्या कोणत्या आणि कधी कराव्यात?

कॉर्टिसोलच्या कमतरतेची लक्षणे असतील तर लगेच. एरवी घाई नको, कारण कोणत्याही आजारपणात आणि दुखापतीत पहिले काही आठवडे संप्रेरके आपोआप खालीवर होतात आणि पुष्कळदा आपोआप जागेवर येतात. सर्वसाधारणपणे लक्षणे टिकून असतील तर तीन ते सहा महिन्यांनी पहिली चाचणी करतात आणि काही कमी आढळल्यास वर्ष पूर्ण झाल्यावर ती पुन्हा पाहतात.

पहिल्या फेरीत सकाळचे कॉर्टिसोल, टीएसएच (थायरॉइडला आदेश देणारे पीयूषिकेचे संप्रेरक) व फ्री टी-४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक), प्रोलॅक्टिन, बीजांडकोश व वृषणांना आदेश देणारे एलएच आणि एफएसएच, पुरुषांत सकाळी उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन, स्त्रियांत पाळीच्या इतिहासाबरोबर इस्ट्रॅडिओल हे स्त्री-संप्रेरक, वाढीच्या संप्रेरकाचा अंदाज देणारे आयजीएफ-१ आणि सोडियम यांचा समावेश असतो. येथे वेळ फार महत्त्वाची आहे. कॉर्टिसोल पहाटेपासून चढते आणि दिवसभर उतरत जाते, म्हणून रक्त सकाळी आठ ते नऊच्या सुमारास द्यायचे असते. घरी नमुना घेण्यासाठी येणारा मुलगा पंचवटीतली चार घरे उरकून साडेअकराला इंदिरानगरात पोचला, तर त्या कॉर्टिसोलचा आकडा कमी दिसेल आणि तुम्ही विनाकारण घाबराल. सातपूर किंवा अंबडला रात्रपाळी करणाऱ्याचे शरीराचे घड्याळच फिरलेले असते. त्याने ही गोष्ट डॉक्टरांना चाचणीपूर्वीच सांगावी.

सकाळचे कॉर्टिसोल ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर कमतरता जवळपास निश्चित मानतात, १५ च्या वर असेल तर ती संभवत नाही असे धरतात आणि मधल्या आकड्यांसाठी इंजेक्शन देऊन अधिवृक्क ग्रंथी किती प्रतिसाद देते हे पाहणारी चाचणी करावी लागते. प्रयोगशाळेच्या पद्धतीनुसार या मर्यादा थोड्या सरकतात. माझा आकडा मधला आला होता आणि इंजेक्शनची चाचणी होईपर्यंतचे नऊ दिवस मी उगाच झोप घालवली. वाढीच्या संप्रेरकासाठी आयजीएफ-१ पुरेसे नसते; ते नॉर्मल असूनही कमतरता असू शकते, म्हणून औषध देऊन ग्रंथीला डिवचून पाहणारी उत्तेजन चाचणी करतात. त्यातली इन्सुलिन देऊन साखर उतरवण्याची चाचणी ज्यांना झटके येतात किंवा हृदयविकार आहे त्यांच्यावर करत नाहीत; त्यांच्यासाठी ग्लुकॅगॉन या संप्रेरकाच्या इंजेक्शनचा पर्याय असतो.

चाचणीचा निकाल चुकीचा येण्याची कारणे कोणती?

केस-नखांसाठीच्या गोळ्यांतले बायोटिन थायरॉइडसह अनेक चाचण्यांचे आकडे बिघडवते. चाचणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवण्यास बहुधा सांगतात, मात्रा मोठी असेल तर अधिक दिवस. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांमुळे कॉर्टिसोल फुगलेले दिसते. उलट स्टेरॉइडच्या गोळ्या, सांध्यात घेतलेली इंजेक्शने, दम्याचे स्टेरॉइडयुक्त पंप आणि त्वचेची तीव्र मलमे ते दाबून टाकतात. सांधेदुखीवर ‘तीन दिवसांत फरक’ देणाऱ्या काही बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असते. अशी पुडी घेतली असेल तर संकोच सोडून सांगावे आणि ती मनानेच एकदम बंद करू नये.

माझा टीएसएच नॉर्मल आहे. म्हणजे थायरॉइडचा प्रश्न मिटला ना?

नेहमीच्या थायरॉइडविकारात मिटला असता. तेथे ग्रंथी मंदावते आणि पीयूषिका ओरडून ओरडून टीएसएच वाढवते. पण पीयूषिकाच थकलेली असेल तर ती ओरडणार कशी? अशा वेळी टीएसएच नॉर्मल किंवा किंचित कमी दिसतो आणि फ्री टी-४ मात्र खाली असतो. म्हणून डोक्याच्या इजेनंतर दोन्ही एकत्र पाहायचे असतात. स्वस्त पॅकेजमध्ये बहुधा एकटा टीएसएच किंवा एकूण टी-३, टी-४ असतो, त्यामुळे पावती फाडण्यापूर्वी नावे वाचून घ्यावीत.

कमतरता खरोखरच निघाली तर उपचार काय?

जे कमी आहे ते भरून काढणे. कॉर्टिसोलसाठी हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉइडसाठी थायरॉक्सिन, गरजेनुसार लैंगिक संप्रेरके आणि निवडक रुग्णांत, खर्च व फायदा तोलून, वाढीच्या संप्रेरकाची रोजची इंजेक्शने. क्रम येथेही सोडता येत नाही. कॉर्टिसोल आणि थायरॉइड दोन्ही कमी असतील तर आधी कॉर्टिसोल भरतात, मगच थायरॉक्सिन सुरू करतात. उलटे केले तर शरीराची कॉर्टिसोलची मागणी वाढून रुग्ण अचानक कोसळू शकतो.

हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्याने ती गोळी कधीही एकदम थांबवायची नसते. ताप आला तर मात्रा किती वाढवायची हे डॉक्टर लिहून देतात. ते पान फ्रिजवर चिकटवावे आणि तशी चिठ्ठी पाकिटातही ठेवावी. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, रक्तदाब उतरत असेल आणि गुंगी येत असेल, तर घरी वाट न पाहता इंजेक्शनसाठी रुग्णालयात जावे. ‘स्टेरॉइड’ शब्द ऐकून नातेवाईक घाबरवतात. पण शरीर रोज जेवढे बनवते तेवढेच बाहेरून देणे आणि मोठ्या मात्रेत औषध देणे यांत फार अंतर आहे.

ताकदीचे सलाईन किंवा टेस्टोस्टेरॉन वाढवणाऱ्या गोळ्या घेऊन पाहाव्यात का?

नाही. सलाईनच्या बाटलीत बहुधा मीठ-पाणी, साखर आणि थोडी जीवनसत्त्वे असतात. दोन तास आडवे पडल्याचा फायदा मात्र खरा. व्यायामशाळेत मिळणाऱ्या बूस्टरविषयी एवढेच सांगतो, की बाहेरून विनाकारण टेस्टोस्टेरॉन घेतले तर शरीर स्वतःचे बनवणे थांबवते आणि शुक्रजंतूंची संख्याही घटते.

पूर्ण विश्रांती घ्यावी की हालचाल करावी?

पहिले २४ ते ४८ तास शांत राहावे, मोबाइल व संगणकाचा पडदा कमी पाहावा, पण अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहू नये; तो जुना सल्ला आता मागे पडला आहे. त्यानंतर लक्षणे फार न वाढवणारा चालण्याचा व्यायाम लवकर सुरू करणे हितकारक ठरते. मी गोदाकाठाने सकाळी दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात केली आणि दर चार-पाच दिवसांनी दोन-तीन मिनिटे वाढवली. डोकेदुखी थोडीशी वाढून तासाभरात उतरली तर चालते. त्याहून अधिक टिकली तर दुसऱ्या दिवशी मात्रा कमी करायची. ब्रह्मगिरी किंवा हरिहर चढण्याची घाई मात्र नको, कारण पहिले बरे होण्याआधी डोक्याला बसलेला दुसरा मार अधिक महाग पडतो.

कामावर कसे परतावे?

तुकड्यातुकड्याने. मी पहिल्या महिन्यात सकाळी दोन तास आकडेमोड, मग डोळे मिटून वीस मिनिटे, मग कागद लावण्यासारखे सोपे काम, असा दिवस पाडला होता. चांगला दिवस उजाडला की आठवड्याचे काम उरकून टाकण्याचा मोह होतो आणि पुढचे तीन दिवस त्यात जातात. हा मोह आवरणे मला औषधापेक्षा कठीण गेले. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत किंवा कांद्याच्या काढणीत शेतकऱ्याला सुटी नसते हे खरे, पण उन्हात वाकून करण्याचे काम दुसऱ्याला देऊन मोजणी व देखरेख स्वतःकडे ठेवता येते. फिरते यंत्र, उंचीवरचे काम, ट्रॅक्टर आणि दुचाकी यांच्याकडे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच वळावे.

ज्या कामगारांच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्याची (ईएसआय) वर्गणी कापली जाते त्यांना आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने लाभ मिळतो. अपघात कामावर किंवा कामावर जाता-येता झाला असेल, तर तात्पुरत्या अपंगत्वाचा ९० टक्के दराचा वेगळा लाभ असतो. त्यासाठी अपघाताची नोंद त्याच वेळी झालेली असावी लागते. ‘मुका मार आहे’ म्हणून ती टाळू नये.

पाळी अनियमित झाली आहे. हे मारामुळेच समजावे का?

लगेच समजू नये. आधी गर्भधारणा नाही ना हे पाहावे; ताण, वजनातला बदल, पीसीओएस हा बीजांडकोशाचा विकार आणि थायरॉइड ही कारणे अधिक वारंवार आढळतात. पूर्वी नियमित असलेली पाळी अपघातानंतर तीन महिने आलीच नाही, किंवा बाळंतपण नसताना स्तनातून दूध येऊ लागले, तर प्रोलॅक्टिनसह तपासणी करावी.

मुलांच्या बाबतीत वेगळे काय पाहावे?

उंची आणि वयात येणे. शाळेत दर सहा महिन्यांनी उंची मोजत असतील तर ती नोंद जपून ठेवावी. वाढ अचानक मंदावली, किंवा वयात येणे फार लवकर वा फार उशिरा झाले, तर बालरोगतज्ज्ञांना जुन्या अपघाताची आठवण आवर्जून करून द्यावी.

नाशिकमध्ये नेमके कोणाकडे जावे आणि बरोबर काय न्यावे?

सुरुवात नेहमीच्या फिजिशियनपासून करावी, कारण वर सांगितलेल्या रांगेतली अर्धी कारणे तेथेच सुटतात. त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात केस पेपर काढून ही पहिली चौकशी कमी खर्चात होऊ शकते. डोकेदुखी, चक्कर किंवा झटके असतील तर न्यूरोलॉजिस्ट, आणि संप्रेरकांचा आकडा संशयास्पद आला तर एंडोक्रिनोलॉजिस्ट, म्हणजे अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ. मधुमेहाचे डॉक्टर म्हणून पाटी लावलेले सर्वच जण ही पदवी घेतलेले नसतात, तेव्हा पाटीवरची अक्षरे वाचावीत.

बरोबर अपघाताच्या दिवसाचे कागद, सीटी स्कॅनची फिल्म, सर्व गोळ्यांची वेष्टने आणि दोन आठवड्यांची वही न्यावी. वहीत झोपण्या-उठण्याची वेळ, दिवसातला सर्वांत वाईट तास, त्याआधी काय केले होते आणि उभे राहिल्यावर भोवळ आली का, एवढे लिहिलेले पुरते. घरातले कोणी तरी सोबत असावे. मला माझी चिडचिड वाढल्याचे कळलेच नव्हते, ते सौभाग्यवतींनी डॉक्टरांना सांगितले, आणि रात्री किती वेळा जागा होतो हा आकडाही त्यांचाच बरोबर निघाला.